खेळाडूचे म्हणणे खरे मानावे का?

२४ सप्टेंबर १९८८ रोजी सोल ऑलिंपिकमध्ये कॅनडाचा बेन जॉन्सन शंभर मीटर अंतर ९.७९ सेकंदांत धावला. तीन दिवसांनी त्याचे सुवर्णपदक काढून घेतले गेले. त्याच्या मूत्रात स्टॅनोझोलॉल हे स्नायू वाढवणारे कृत्रिम स्टेरॉइड सापडले होते. त्याच्या बाजूने लगेच खुलासा आला की कोणीतरी त्याच्या पेयात औषध मिसळले असावे.

अशी बातमी आली की शिक्षकांच्या खोलीत आणि वर्गातही दोन तट पडतात. एक तट म्हणतो, "पकडले गेल्यावर सगळे असेच सांगतात." दुसरा म्हणतो, "इतका मोठा खेळाडू असे कशाला करील?" दोघेही माणसाकडे पाहून बोलत असतात. बाटलीकडे कोणी पाहत नाही. खरे तर खेळाडूचा खुलासा म्हणजे एक गृहीतक असते, आणि गृहीतक म्हटले की त्यातून काही निष्कर्ष निघालेच पाहिजेत. पेयात औषध मिसळले, हे खरे असेल तर मूत्रात आणखी काय दिसायला हवे, आणि काय दिसता कामा नये? गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांतील काही गाजलेली प्रकरणे या प्रश्नाच्या उजेडात पाहिली, तर त्यांतून रसायनशास्त्राचा इतिहासही समजतो.

सोलमध्ये हा प्रश्न विचारणारा माणूस हजर होता. जर्मनीतील कोलोनचे रसायनशास्त्रज्ञ मान्फ्रेड डोनिके एके काळी स्वतः 'टूर द फ्रान्स' या सायकल शर्यतीत उतरले होते, त्यामुळे खेळाडूंच्या युक्त्या त्यांना पुस्तकातून शिकाव्या लागल्या नव्हत्या. त्यांनी स्टॅनोझोलॉल तर पाहिलेच, शिवाय जॉन्सनच्या शरीराची स्वतःची संप्रेरके किती आहेत तेही पाहिले. घराच्या गच्चीवरील टाकीत बॉलकॉक असतो. टाकी भरली की तरंगता गोळा वर येतो आणि नळ बंद होतो. रोज बाहेरून टँकरने टाकी भरत राहिलात तर नळ उघडणारच नाही. बाहेरून स्टेरॉइड येत राहिले की शरीरातही असेच घडते. मेंदूतील पीयूषिका ग्रंथी संदेश पाठवणे कमी करते आणि शरीराची स्वतःची निर्मिती मंदावते. ही घट एका पेल्याने होत नाही, त्यासाठी आठवडे जावे लागतात. जॉन्सनच्या नमुन्यात ही घट स्पष्ट दिसत होती. एकदाच कोणीतरी फसवून पाजले, ही गोष्ट तेथेच कोसळली. पुढच्या वर्षी कॅनडा सरकारने न्यायमूर्ती चार्ल्स डुबिन यांच्यापुढे चौकशी चालवली. तेथे प्रशिक्षक चार्ली फ्रान्सिस यांनी आणि नंतर खुद्द जॉन्सननेही अनेक वर्षांच्या स्टेरॉइड सेवनाची कबुली दिली.

या प्रकरणाने लोकांच्या मनावर एक ठसा उमटवला: खुलासा म्हणजे थाप. सहा वर्षांनी या ठशाची किंमत एका निरपराध बाईला मोजावी लागली.

डायन मोडाल ही इंग्लंडची ८०० मीटर धावणारी खेळाडू. १९९० च्या ऑकलंड राष्ट्रकुल स्पर्धेत तिने सुवर्णपदक मिळवले होते. १८ जून १९९४ रोजी ती लिस्बनला एका स्पर्धेत धावली आणि नेहमीप्रमाणे तिने मूत्राचा नमुना दिला. ऑगस्टमध्ये ती आपले राष्ट्रकुल विजेतेपद राखण्यासाठी कॅनडातील व्हिक्टोरिया येथे पोचली. तेथे तिला सांगण्यात आले की तिच्या नमुन्यात टेस्टोस्टेरॉन सापडले आहे. स्पर्धा न खेळताच ती घरी परतली.

येथे चाचणीची पद्धत थोडी समजून घेतली पाहिजे. टेस्टोस्टेरॉन प्रत्येकाच्या शरीरात असतेच, स्त्रियांच्याही, फक्त कमी. तेव्हा नुसते सापडले म्हणून गुन्हा होत नाही. डोनिके यांनी यावर एक सुंदर तोडगा काढला होता. शरीर टेस्टोस्टेरॉनबरोबर त्याचा जुळा म्हणावा असा एपिटेस्टोस्टेरॉन नावाचा दुसरा रेणूही तयार करते. बहुतेकांच्या मूत्रात या दोघांचे प्रमाण एकास एकच्या आसपास असते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतले तर एक वाढतो, दुसरा वाढत नाही, आणि गुणोत्तर बिघडते. हे गुणोत्तर सहाच्या वर गेले तर संशय घ्यायचा, असे त्या काळी ठरले होते. (२००५ पासून ही मर्यादा चारवर आणली गेली.) मोडालच्या नमुन्यात ते ४२ निघाले.

वृत्तपत्रांना ४२ हा आकडा म्हणजे प्रचंड गुन्ह्याचा पुरावा वाटला. वर्गात प्रयोग करून घेणाऱ्या शिक्षकाला मात्र वेगळेच वाटले असते. गुरुत्वीय त्वरणाचे मूल्य एखाद्या मुलाने सत्तर काढले तर आपण पृथ्वी बदलली असे समजत नाही, दोरी आणि घड्याळ तपासतो. आकडा फार मोठा असेल तर मोजमाप बिघडल्याची शंकाही तितकीच मोठी असली पाहिजे. ब्रिटनच्या ॲथलेटिक संघटनेने ती शंका पुरेशी घेतली नाही. डिसेंबर १९९४ मध्ये मोडालवर चार वर्षांची बंदी आली.

तिच्याकडे सांगायला एखादी सुरस कथाही नव्हती. कोणी पेयात काही घातले नव्हते, तिने कोणते औषध घेतले नव्हते. "मी काही केले नाही" एवढेच ती म्हणत होती, आणि जगात सर्वांत कमी विश्वास बसणारे वाक्य तेच आहे. पण बाटलीची कुळकथा तपासायला घेतल्यावर चित्र पालटले. लिस्बनच्या जूनमधील उन्हाळ्यात तो नमुना शीतकपाटाबाहेर राहिला होता. तपासणीच्या वेळी तो ठळकपणे अल्कधर्मी झाला होता आणि त्याला अमोनियाचा उग्र दर्प येत होता. ताजे मूत्र बहुधा किंचित आम्लधर्मी असते. ते उबेत राहिले की जीवाणू त्यातील युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करतात. एस.टी. स्थानकावरील मुतारीजवळून गेलेल्या कोणालाही हे रसायनशास्त्र शिकवावे लागत नाही. नाकाला जे कळत होते ते कागदावर नोंदलेही गेले होते, तरी आकडा मात्र ग्राह्य धरला गेला!

मँचेस्टरचे प्राध्यापक सायमन गॅस्केल यांनी पुढचा प्रश्न विचारला: जे जीवाणू अमोनिया करतात ते आणखी काय करतात? मूत्रात टेस्टोस्टेरॉनशी जवळचे नाते असणारी इतर स्टेरॉइडे असतातच. जीवाणूंची विकरे त्यांतील काहींचे टेस्टोस्टेरॉनमध्ये रूपांतर करू शकतात. स्त्रियांच्या मूत्रात मूळचे टेस्टोस्टेरॉन थोडेच असते, त्यामुळे थोडीशी भर पडली तरी गुणोत्तर भलतेच वाढते. हा नुसता तर्क नव्हता. उबेत ठेवलेल्या मूत्राच्या नमुन्यांत टेस्टोस्टेरॉन वाढते, हे प्रयोगाने दाखवता आले. जुलै १९९५ मध्ये अपिलात मोडालची बंदी उठली आणि मार्च १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेनेही तिला निर्दोष मानले. १९९८ साली क्वालालंपूरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने कांस्यपदक मिळवले. मधली चार वर्षे आणि वकिलांवर झालेला खर्च परत मिळाला नाही. नुकसानभरपाईचा तिचा दावा २००१ मध्ये अखेर फेटाळला गेला. तोपर्यंत ती ब्रिटिश संघटनाही कर्जबाजारी होऊन बंद पडली होती.

मोडालची कथा एवढ्यावर सांगून थांबलो, तर प्रत्येक खेळाडूने प्रयोगशाळेवर दोष ढकलावा असे वाटेल. पुढे नेमके तेच झाले.

२००६ च्या 'टूर द फ्रान्स'मध्ये अमेरिकेचा फ्लॉइड लँडिस सोळाव्या टप्प्यात साफ कोलमडला आणि दुसऱ्याच दिवशी डोंगराळ टप्प्यात सर्वांना मैलोगणती मागे टाकून जिंकला. त्या दिवशीच्या नमुन्यात गुणोत्तर ११ निघाले. खुलासे एकामागून एक आले: आदल्या रात्री व्हिस्की प्यायलो होतो, शरीरातील पाणी कमी झाले होते, माझे टेस्टोस्टेरॉन मुळातच जास्त आहे, प्रयोगशाळेने चूक केली. चाहत्यांनी त्याच्या कायदेशीर लढाईसाठी वर्गणी दिली. शेवटचा खुलासा तर अंशतः खराही ठरला! पॅरिसजवळील प्रयोगशाळेने गुणोत्तराच्या चाचणीत नियम पाळले नव्हते, असे लवादाने मान्य केले आणि तो आकडा बाजूला काढला. तरीही सप्टेंबर २००७ मध्ये दोन विरुद्ध एक मताने लँडिस दोषी ठरला, कारण आता हाताशी दुसरी, स्वतंत्र कसोटी होती.

ही कसोटी आपल्याकडील शिक्षकांना विशेष आवडावी, कारण तिचे मूळ शेतात आहे. निसर्गातील कार्बनच्या अणूंपैकी सुमारे १.१ टक्के अणू जड असतात, त्यांना कार्बन-१३ म्हणतात. प्रकाशसंश्लेषण करताना वनस्पती जड अणू थोडे नाकारतात, पण सगळ्या सारख्या नाकारत नाहीत. गहू, भात, सोयाबीन यांची पद्धत एक. मका, ऊस, ज्वारी, बाजरी यांची दुसरी. पहिल्या गटात कार्बन-१३ कमी आढळतो. माणूस दोन्ही गटांतील अन्न खातो, त्या अन्नावर वाढलेल्या जनावरांचे दूध पितो, मांस खातो, म्हणून त्याच्या शरीरातील कार्बन या दोहोंचे मिश्रण असतो. कारखान्यात टेस्टोस्टेरॉन मात्र बहुधा सोयाबीनसारख्या पहिल्या गटातील वनस्पतींच्या द्रव्यांपासून बनवतात. रेणू तोच, रचना तीच, गुणधर्म तेच, पण कार्बन-१३ जरा कमी. शिवाय खेळाडूचीच दुसरी स्टेरॉइडे तुलनेला असतात. एकाच शरीरातील दोन रेणूंचे कार्बन वेगवेगळ्या शेतांतून आलेले दिसले, तर त्यांतला एक बाहेरून आला आहे. व्हिस्कीने किंवा तहानेने गुणोत्तर हलेलही, पण कार्बनच्या अणूंचे वजन बदलणार नाही.

१९९४ मध्ये ही कसोटी नेहमीच्या वापरात असती तर मोडालची सुटका फार लवकर झाली असती. जीवाणूंनी बनवलेले टेस्टोस्टेरॉन तिच्याच शरीरातील स्टेरॉइडांपासून बनले होते, म्हणजे त्यातला कार्बनही तिचाच. एकच कसोटी एकीला सोडवणारी आणि दुसऱ्याला पकडणारी!

लँडिसच्या गोष्टीला एक विचित्र शेपूट आहे. मे २०१० मध्ये त्याने वर्षानुवर्षे उत्तेजके घेतल्याची कबुली दिली, आणि त्या कबुलीतूनच पुढे लान्स आर्मस्ट्राँगचे बिंग फुटले. परंतु २००६ च्या त्या शर्यतीत टेस्टोस्टेरॉन घेतले नव्हते, हे म्हणणे त्याने तेव्हाही सोडले नाही. कबुलीजबाबही शंभर टक्के प्रमाण मानता येत नाही तो असा. चाहत्यांचे सुमारे ४ लाख ७८ हजार डॉलर परत करण्याचे मात्र त्याला २०१२ मध्ये मान्य करावे लागले.

आतापर्यंत "कोठून आले" हा प्रश्न होता. आता "किती आले" याकडे वळू. जुलै २०१० मध्ये स्पेनचा सायकलपटू अल्बर्तो काँतादोर याच्या नमुन्यात क्लेनब्युटेरॉल सापडले. हे मुळात दम्यावरचे औषध. जनावरांच्या अंगातील चरबी कमी होऊन मांस वाढावे म्हणून काही ठिकाणी ते चोरून खाऊ घालतात. प्रमाण होते एका मिलिलिटरमध्ये ५० पिकोग्रॅम. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमच्या एक लाख कोटी भागांपैकी एक. मुलांना गणित घालून पाहा: ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि २ मीटर खोल अशा तरणतलावात ०.१२५ ग्रॅम, म्हणजे चिमूटभर पूड विरघळवली की हे प्रमाण येते. प्रयोगशाळांना जेवढे ओळखता आलेच पाहिजे असा नियम होता, त्याच्या चाळिसाव्या हिश्श्याइतके ते होते. काँतादोर म्हणाला, स्पेनहून आणलेल्या गोमांसातून ते आले.

प्रमाण पाहिले तर हा खुलासा अशक्य नव्हता, पण "अशक्य नाही" आणि "बहुधा असेच झाले" यांत मोठे अंतर आहे. युरोपात अशा औषधावर बंदी आहे, मांसाच्या तपासण्या होतात आणि क्लेनब्युटेरॉल क्वचितच सापडते. फेब्रुवारी २०१२ मध्ये स्वित्झर्लंडमधील क्रीडा लवादाने दोन वर्षांची बंदी घातली आणि २०१० चे विजेतेपद काढून घेतले. मांसाची आणि रक्त चढवल्याची, अशा दोन्ही कथा शक्य असल्या तरी दूषित पूरक आहारातून ते येणे अधिक संभवते, असे लवादाचे मत पडले. मला हा निकाल तर्काला धरून वाटतो. त्यात समाधान मात्र नाही, कारण तीन संभवांपैकी एकही सिद्ध झालेला नाही.

याच काळात हाच खुलासा दुसरीकडे मान्य झाला. २०११ मध्ये मेक्सिकोत सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक फुटबॉल स्पर्धा झाली. तपासलेल्या २०८ नमुन्यांपैकी १०९ मध्ये क्लेनब्युटेरॉल निघाले! चोवीस संघांपैकी फक्त पाच संघ त्यातून सुटले, आणि सुटलेल्यांत यजमान मेक्सिकोचा संघ होता. त्याच वर्षी मेक्सिकोच्या मोठ्या संघातील पाच खेळाडू असेच सापडले होते, म्हणून मुलांना मांस बंद करून मासे आणि भाजीपाला दिला जात होता. नकळत घडलेला इतका नेटका प्रयोग क्वचित पाहायला मिळतो. हॉटेलांमधील मांसाचे ४७ नमुने तपासले, त्यांतील १४ मध्ये ते औषध होते. कोणावरही कारवाई झाली नाही. खुलासा तोच असला तरी मेक्सिकोत तो संभाव्य होता आणि स्पेनमध्ये नव्हता. २०१९ पासून जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने अशा मांसजन्य पदार्थांसाठी नियम बदलला. मूत्रातील प्रमाण एका मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅमपेक्षा कमी असेल तर आधी चौकशी करायची, आरोप नंतर.

महाराष्ट्राला चटका लावून गेलेले प्रकरण २०१६ चे. सलग तीन वेळा 'महाराष्ट्र केसरी' झालेला नरसिंग यादव ७४ किलो गटात रिओ ऑलिंपिकसाठी निवडला गेला होता. २५ जून आणि ५ जुलैला सोनीपतच्या शिबिरात घेतलेल्या नमुन्यांत मेथँडिनोन हे जुने स्टेरॉइड सापडले. नरसिंगने सांगितले की शिबिरात आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी ते मिसळले. १ ऑगस्टला राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या समितीने हे म्हणणे मान्य करून त्याला मोकळे केले. तालमींमध्ये आनंद झाला. आपल्याकडे पैलवानाचा खुराक सांभाळणे हे घरच्या माणसाचे काम मानतात, त्यामुळे खुराकात विष कालवल्याची कथा मनाला लगेच भिडली.

जागतिक संस्थेने अपील केले. रिओमध्ये बसलेल्या लवादापुढे कॅनडातील तज्ज्ञ क्रिस्तियान आयोत यांच्या मताला महत्त्व आले. पहिल्या नमुन्यातील प्रमाण इतके जास्त होते की ते पाण्यात भुकटी मिसळून येणारे नव्हते, एक-दोन गोळ्या तोंडावाटे घेतल्याशी ते जुळत होते. आणि हे एकाच वेळी घडलेले दिसत नव्हते. येथे पुन्हा सोलचाच प्रश्न आला: कथेप्रमाणे किती आणि किती वेळा जायला हवे, आणि बाटलीत किती आहे? १८ ऑगस्टला, म्हणजे कुस्तीच्या आदल्या दिवशी, चार वर्षांची बंदी जाहीर झाली. पहिल्या समितीने कोणी मिसळले याचाच विचार जास्त केला आणि किती मिसळले गेले असते याचा कमी, असे मला वाटते. सहानुभूती होती हे समजण्यासारखे आहे, पण तिने नरसिंगचे भले झाले नाही. नियमही येथे कठोर आहे. अंगात जे सापडेल त्याला खेळाडू जबाबदार, आणि ते कसे आले हे "बहुधा असेच" या पातळीपर्यंत सिद्ध करण्याचे ओझेही त्याच्यावरच. मोडालच्या वेळी हे ओझे संघटनेवर होते.

मोजमाप सगळीकडे पोचतेच असेही नाही. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ५००० मीटर जिंकलेला जर्मनीचा डीटर बाउमान १९९९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नँड्रोलोनसाठी दोषी आढळला. त्याने सांगितले, टूथपेस्टमध्ये कोणीतरी घातले असावे. लोक हसले. त्याच्या घरातील टूथपेस्ट तपासली, तर तिच्यात शरीरात गेल्यावर नँड्रोलोनसारखेच अवशेष सोडणारे द्रव्य खरोखर निघाले. हसण्याजोगा खुलासा रसायनशास्त्राच्या कसोटीला उतरला. परंतु ती ट्यूब कोणी भरली, शत्रूने की स्वतः मालकाने, हे सांगणारे यंत्र नाही. जर्मन संघटनेने त्याच्यावर विश्वास ठेवला. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लवादाने तो ठेवला नाही आणि सिडनी ऑलिंपिकच्या तोंडावर दोन वर्षांची बंदी कायम केली. बंदी संपल्यावर, २००२ मध्ये म्युनिकच्या युरोपीय स्पर्धेत सदतीस वर्षांचा बाउमान १०,००० मीटर धावला आणि रौप्यपदक घेऊन गेला.